वर्गणी सगळ्यांची, उत्सव कुणाचा?



संक्रांत तोंडावर आली आहे. गटाच्या बैठकीत हिशोब झाला, हप्ते भरून झाले की तुमच्याकडेही विषय निघालाच असेल : यंदा हळदीकुंकू कुणाच्या अंगणात, वाण काय लुटायचं, तीळ किती किलो आणायचे. आणि बोलता बोलता कुणीतरी हळूच विचारलं असेल, "बोलवायचं कुणाकुणाला?" हा शेवटचा प्रश्न वरवर साधा दिसतो. पण त्याला शंभर वर्षांचा इतिहास आहे, आणि तो सांगायला मी आज तुम्हाला मुंबईच्या उपनगरांत घेऊन जाणार आहे.

तुम्ही म्हणाल, आपला काय संबंध मुंबईशी? संबंध आहे. आपल्या प्रत्येक गावातली चार घरं तरी तिकडे गेलेली आहेत. माझी मावशी लग्न होऊन गोरेगावला गेली, तेव्हा तिथे चाळी होत्या, पाणथळ जागा होत्या, तबेले होते. सुट्टीत आम्ही तिच्याकडे जायचो. चाळीच्या दारात भिंतीवर एक काळा फळा टांगलेला असायचा. त्यावर खडूने सगळ्या वस्तीची खबरबात लिहिलेली असे. उद्या पाणी पहाटे किती वाजता येणार, गणपतीची वर्गणी कुणाकडे द्यायची, रॉकेल कुठल्या दुकानात आलंय, कोण वारलं, कुणाचा मुलगा मॅट्रिक झाला. श्रावणात मंगळागौरीचं, भाद्रपदात आरतीच्या वेळांचं, आश्विनात भोंडल्याचं, पौषात हळदीकुंकवाचं. फळा पुसला जायचा आणि नवा लिहिला जायचा. ऋतू बदलला की फळाही बदलायचा. मावशीला लिहिता येत होतं, पण फळ्यावर लिहायचं काम पुरुषांचं. बायका वाचायच्या आणि पाण्याच्या रांगेत उरलेली खरी बातमी सांगायच्या.

ही वस्त्या वसल्याची गोष्टसुद्धा एका संकटातून सुरू होते. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. दाटीवाटीच्या वस्त्यांत माणसं पटापट मेली, हजारो लोक गावाकडे पळाले. मग सरकारने १८९८ साली कायदा करून मुंबईत सुधारणा मंडळ नेमलं. लोक त्याला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट म्हणत. शहर मोकळं करायचं तर उत्तरेला नवी वस्ती हवी, म्हणून दादर, माटुंगा या भागातल्या शेतवाड्यांवर आखून रस्ते झाले, चाळी आणि इमारती उभ्या राहिल्या. तिथे राहायला आले ते कारकून, शिक्षक, छापखान्यातले कामगार, गिरणीतले लोक. कुणी कोकणातून आलेले, कुणी घाटावरून. गाव सोडून आलेल्या माणसाला पहिली आठवण कशाची होते? सणाची. त्यामुळे नळ यायच्या आधी गणपती आला म्हटलं तरी चालेल.

सार्वजनिक गणेशोत्सव लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने १८९३ पासून पसरला हे आपण शाळेत शिकलो. गिरगावातल्या केशवजी नाईक चाळीत त्याच वर्षी गणपती बसला. पण 'सार्वजनिक' या शब्दात कोण कोण बसतं, हा वाद त्या शब्दाच्या पाठोपाठ आला. तो सगळ्यात उघडपणे पेटला दादरला, १९२६ साली.

दादरच्या सार्वजनिक गणपतीला वर्गणी सगळ्यांकडून घेतली जाई. ब्राह्मणेतरांचीही, गरिबांचीही. कारभार मात्र ठरावीक लोकांच्या हातात, आणि अस्पृश्य म्हणून ज्यांना बाजूला ठेवलेलं होतं त्यांना मूर्तीजवळ जाऊन पूजा करता येत नव्हती. दादरमध्येच राहणारे प्रबोधनकार केशव सीताराम ठाकरे हे लेखणीचे आणि तोंडाचेही कडक. त्यांनी विचारलं की उत्सव सार्वजनिक असेल तर दलितांना पूजेचा हक्क का नाही? मांडवात गर्दी जमली, प्रकरण हातघाईवर येतं की काय असं झालं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे आले. रावबहादूर सीताराम केशव बोले आले. हे बोले भंडारी समाजाचे पुढारी, मुंबईच्या कायदेमंडळात बसलेले. बरीच बोलाचाली झाली आणि शेवटी तोड निघाली ती अशी : दलित कार्यकर्त्याने फुलं पुजाऱ्याच्या हातात द्यायची आणि पुजाऱ्याने ती गणपतीला वाहायची.

आज ऐकताना वाटतं, एवढंच? एका हातातून दुसऱ्या हातात फुलं, बस्स. पण मैत्रिणींनो, शिवाशिव म्हणजे नेमकं हेच होतं. हातातून हातात काही द्यायचं नाही. वरून टाकायचं, लांबून ओतायचं. त्या दिवशी दादरच्या मांडवात चारचौघांसमोर हाताला हात लागला.

पुढे काय झालं ते जास्त बोलकं आहे. कारभाऱ्यांनी तो उत्सवच बंद करून टाकला. सगळ्यांना घेऊन करण्यापेक्षा न केलेला बरा! असली माणसं तुम्ही तुमच्या गावातही पाहिली असतील. प्रबोधनकार आणि त्यांचे सोबती मात्र गप्प बसले नाहीत. त्याच वर्षी त्यांनी दादरला सार्वजनिक नवरात्र सुरू केलं, शिवभवानीच्या नावाने, सर्व जातींच्या लोकांना बरोबर घेऊन. घरात आणि देवळात होणारं देवीचं नवरात्र रस्त्यावरच्या मांडवात आलं. दादरच्या खांडके बिल्डिंगमध्ये ही परंपरा अजून चालू आहे. आज गल्लोगल्ली नवरात्र बसतं, बायका रोज नेमलेल्या रंगाची साडी नेसून फोटो काढतात, पण त्या मांडवाच्या मुळाशी हा तंटा होता हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

आणखी एक धागा सांगते. या रावबहादूर बोल्यांनी १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात ठराव मंजूर करून घेतला होता की सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, सरकारी शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. त्या ठरावाला धरून महाडच्या नगरपालिकेने चवदार तळं खुलं केल्याचं जाहीर केलं, पण कागदावर. प्रत्यक्षात पाणी भरू देत नव्हते. दादरच्या त्या गणपतीनंतर सहा महिन्यांनी, २० मार्च १९२७ ला, बाबासाहेब हजारो लोकांना घेऊन महाडच्या तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्याले. फुलं कुणाच्या हातची चालतात आणि पाणी कुणाच्या ओंजळीने बाटतं, हे दोन वेगळे प्रश्न नव्हतेच.

दादरच्या अंगाला मोठं मैदान आहे, शिवाजी पार्क. त्याचं आधीचं नाव माहीम पार्क. १९२७ साली शिवाजी महाराजांचं नाव त्याला मिळालं ते अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने. अवंतिकाबाई तेव्हा मुंबई महापालिकेत सभासद होत्या. त्याआधी १९१७ साली त्या गांधीजींबरोबर बिहारमध्ये चंपारणच्या खेड्यांत जाऊन राहिल्या होत्या, तिथल्या बायकांत काम केलं होतं. सभांचं, मेळाव्यांचं, क्रिकेटचं आणि संध्याकाळी फिरायला येणाऱ्या म्हाताऱ्यांचं ते मैदान. एवढ्या गर्दीत त्या बाईचं नाव कुणी घेत नाही, म्हणून मी मुद्दाम घेतलं.

आता गोरेगावला येऊ.

हे ऐकून तुम्हाला गंमत वाटेल : गोरेगावला ग्रामपंचायत होती. आज तिथे वीस-वीस मजल्यांच्या इमारती आहेत, पण १९५७ साली बृहन्मुंबईत घेतलं जाईपर्यंत गोरेगाव हे मुंबईबाहेरचं गाव होतं. १९५४ साली त्या ग्रामपंचायतीवर निवडून आलेली एक तरुण सभासद म्हणजे मृणाल गोरे. डॉक्टरकीचं शिक्षण अर्धवट सोडून त्या समाजवादी चळवळीत आल्या होत्या. पती केशव गोरे, लोक त्यांना बंडू गोरे म्हणत, तेही त्याच कामात. दोघांनी मिळून गोरेगावात बिऱ्हाड केलं आणि बायकांना एकत्र आणायला मृणालताईंनी महिला मंडळ उभं करायला हात लावला. तेव्हा बायकांना 'सभेला चला' म्हटलं तर कोण येणार? सासू पाठवणार नाही, नवरा विचारणार 'कशाला?' पण हळदीकुंकवाला, भोंडल्याला, मंगळागौरीला जायला कुणी अडवत नव्हतं. महाराष्ट्रातल्या कितीतरी महिला मंडळांचं बस्तान असं सणाच्या निमित्ताने बसलं. आधी तिळगूळ, मग गप्पा, मग गप्पांतून पाणी, गटार, दिवा, दवाखाना. आपल्या बचत गटांची सुरुवात तरी कुठे वेगळी झाली?

मावशी सांगायची, संक्रांतीच्या हळदीकुंकवात एकमेकींना पहिला प्रश्न असायचा, "तुमच्याकडे किती वाजता येतं?" काय येतं ते सांगायची गरज नव्हती. पाणी. पहाटे तीनला उठायचं, रांगेत हंडे लावायचे, भांडायचं, आणि सहाच्या लोकलला नवऱ्याचा डबा तयार. आपण गावात विहिरीवर जातो, त्या नळावर जायच्या, कंबर सारखीच मोडायची.

१९६१ साली मृणालताई मुंबई महापालिकेत निवडून गेल्या आणि त्यांनी हा हंडा सभागृहात नेला. मोर्चे काढले, अधिकाऱ्यांना घेराव घातले, उपनगरांना पाणी मिळायलाच हवं म्हणून ठाण मांडलं. लोकांनी त्यांना नाव दिलं, 'पाणीवाली बाई'. पदव्या पुष्कळांना मिळतात, पण रांगेतल्या बायकांनी दिलेली पदवी फार थोड्यांच्या वाट्याला येते. पुढे १९७७ साली, आणीबाणी उठल्यावर, त्या लोकसभेवर निवडून आल्या. त्या निवडणुकीत इंदिरा गांधी हरल्या. तेव्हा मुंबईत घोषणा झाली : पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात!

इथे मला एक गोष्ट बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही, कारण आपण खेड्यातल्या बाया आहोत. गोरेगावच्या नळाला पाणी आलं ते कुठून? तानसा, वैतरणा, भातसा. ही धरणं ठाणे जिल्ह्यात, शहापूर आणि त्याच्या आसपासच्या डोंगरात आहेत. मोठमोठे पाइप तिथून मुंबईला जातात. आणि त्याच शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. बाया दगडधोंड्यांतून डोक्यावर हंडे वाहतात. पाणीवाल्या बाईंचा लढा खरा होता, त्यातली तहान खरी होती. पण त्या नळाच्या दुसऱ्या टोकालाही एक बाई उभी आहे, आणि तिचं नाव कुठल्या फळ्यावर लागलं नाही.

मग आलं १९७२. त्या दुष्काळाच्या आठवणी तुमच्या घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. आपल्याकडे बाया खडी फोडायला गेल्या, लाल मिलोच्या भाकरी खाल्ल्या. मुंबईत धान्य, तेल, साखर, रॉकेल मिळेना, मिळालं तर परवडेना. आणि वेळ कुठली? सणासुदीची. गौरी-गणपतीला पुरणाची डाळ नाही, दिवाळीला फराळाचं तेल नाही. सणाला घरात गोडधोड झालं नाही तर ते कुणाच्या जिवाला लागतं हे मी तुम्हाला सांगायला नको. त्या वर्षी सप्टेंबरात महागाईविरुद्ध बायकांची संयुक्त समिती उभी राहिली. समाजवादी मृणाल गोरे आणि प्रमिला दंडवते, कम्युनिस्ट अहिल्या रांगणेकर आणि तारा रेड्डी. एरवी या पक्षांचं एकमेकांशी पटायचं नाही, पण रिकाम्या डब्यांपुढे पटलं.

त्या बायकांनी हातात काय घेतलं? लाटणं. घरोघरी असतंच, विकत आणावं लागत नाही, आणि हातात धरायची सवय जन्माची. लाटणं घेऊन हजारो बाया रस्त्यावर आल्या, मंत्र्यांना जाऊन भिडल्या. ज्यांना मोर्चाला येता येत नव्हतं त्यांनी ठरल्या वेळी आपापल्या दारात, गॅलरीत उभं राहून थाळ्या वाजवल्या. मावशी मोर्चाला एकदाच गेली, पण थाळी तिने रोज वाजवली. "तुझे काका आतून ओरडायचे, पुरे आता, पोचा आला थाळीला!" हे सांगताना ती हसायची. ती पोचा आलेली थाळी मी पाहिली आहे.

असा हा उपनगरांतला सणांचा इतिहास. त्यात आरास आहे, संगीत खुर्ची आहे, रांगोळीच्या स्पर्धा आहेत, मंडळाचे छापील अहवाल आहेत, ज्यात सव्वा रुपया देणाऱ्याचंही नाव असायचं. नंतर नवे सणही जन्मले. डोंबिवलीला १९९९ साली गणेश मंदिर संस्थानाने गुढीपाडव्याची स्वागतयात्रा काढली, आणि पाहता पाहता गिरगाव, ठाणे, सगळीकडे पाडव्याच्या यात्रा निघू लागल्या. नऊवारी नेसून, फेटा बांधून बाया मोटरसायकलवर बसतात. मला ते आवडतं. पुढाऱ्यांच्या चेहऱ्यांचे फलक मात्र इतके असतात की गुढी शोधावी लागते, तेवढं आवडत नाही.

आता पुन्हा आपल्या पहिल्या प्रश्नाकडे येते. बोलवायचं कुणाला?

केशव गोरे १९५८ साली गेले. मृणालताई तेव्हा अवघ्या तीस वर्षांच्या होत्या, पदरात लहान मुलगी. म्हणजे ज्या बाईंच्या मागे हजारो बायका पाण्यासाठी चालल्या, लाटणं घेऊन चालल्या, त्या बाई विधवा होत्या. मोर्चात पुढे चालायला ते आड आलं नाही. पण रिवाजाचं बोलायचं तर त्याच बायकांच्या घरच्या हळदीकुंकवात विधवेला कुंकू लावायचं नाही, ओटी भरायची नाही, वाण द्यायचं नाही. मागे चालायला चालते, पाटावर बसलेली चालत नाही! हे आपल्याला कधी विचित्र वाटलं नाही, यात दोष सासवांचा जितका तितकाच आपलाही.

आणि या बाबतीत वाट दाखवली ती शहराने नाही, एका खेड्याने. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचं गाव आहे. तिथल्या ग्रामपंचायतीने ४ मे २०२२ रोजी ठराव केला की पतीच्या निधनानंतर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं या प्रथा आपल्या गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. त्यानंतर किती ठिकाणी विधवांना बोलावून हळदीकुंकू झालं. दादरच्या मांडवात फुलं एका हातातून दुसऱ्या हातात गेली, तसंच हे. करंगळीच्या टोकाएवढं कुंकू, पण चारचौघींसमोर. ठराव ग्रामसभेत मांडता येतो, हे हेरवाडने दाखवलं आहे. तुमच्या गावात झाला नसेल तर २६ जानेवारीची ग्रामसभा संक्रांतीच्या पाठोपाठच असते, तेवढं लक्षात ठेवा.

माझे काका ऐंशीच्या दशकात गेले. त्यानंतर मावशी चाळीतल्या हळदीकुंकवाचे तिळाचे लाडू करायची, सगळ्यात छान तीच करायची, आणि ताट दारापर्यंत नेऊन परत फिरायची. आतून कुणी 'या' म्हणायचं नाही, तीही थांबायची नाही. बारा-तेरा वर्षं हे चाललं. मग एका संक्रांतीला शेजारची नवी सून, नुकतीच लग्न होऊन आलेली, ताट घ्यायला दारात आली आणि तिने मावशीचा हातच धरला. आत नेलं, बसवलं, कपाळाला हळद लावली, कुंकू लावलं. सगळ्या जणी गप्प झाल्या. मग एक म्हातारी म्हणाली, "अगं, वाण द्या तिला, बघताय काय?"

त्या वर्षीचं वाण होतं प्लास्टिकचा निळा मग. मावशीने तो पाण्याच्या पिंपावर ठेवला, आणि ती गेली तेव्हाही तो तिथेच होता.